सोनखत आणि वाळवंट

माउली, विषय पाहून नाक मुरडू नका. चाळीस वर्षे कीर्तनसेवा केली. देह नाशिवंत आहे, देह मलिन आहे, हे दोन दोन तास सांगितले. पण हा देह रोज सकाळी जे टाकतो ते पुढे कोण उचलतो, यावर मी एकदाही तोंड उघडले नाही. आता गळा बसला आहे, म्हणून लिहितो.

आमच्या गावात टमरेल घेऊन परसाकडे जायची रीत होती. बायकांनी पहाटेच्या काळोखात जायचे, नाहीतर दिवेलागणीपर्यंत कळ सोसायची. तालुक्याच्या गावी मावशीच्या वाड्यात मात्र शेतखाना होता, म्हणजे टोपलीचा संडास. वर दोन पावठे, खाली टोपली, आणि टोपली ओढायची झडप मागच्या बोळात. टोपली नेणारा माणूस घरातल्या कोणाच्या नजरेला पडू नये, अशीच ती बांधणी होती. लहानपणी मला वाटायचे, संडास आपोआप साफ होतो.

आप्पासाहेब पटवर्धनांचे नाव कोकणाबाहेरच्या वारकऱ्यांना फारसे ठाऊक नसते. जन्म १८९४ चा, शिकलेला ब्राह्मण, गांधीजींचा अनुयायी. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे मैला काढण्याचे काम ठरावीक जातीच्या कैद्यांकडेच असे. आप्पासाहेब म्हणाले, ते काम मला द्या. अधिकाऱ्यांनी नकार दिला. सवर्णाला ते काम देता येत नाही, असा नियम दाखवला. आप्पासाहेबांनी अन्न सोडले. ही वार्ता येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना कळली, तेव्हा डिसेंबरात त्यांनीही उपवास आरंभला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिले, मगच तो सुटला. लोक तुरुंगात सवलतीसाठी उपास करतात. हा गृहस्थ संडास साफ करायला मिळावा म्हणून उपाशी राहिला!

पुढे कणकवलीला गोपुरी आश्रमात त्यांनी संडासाची एक सोपी रचना लोकांपुढे ठेवली. दोन खण असायचे. एक वापरायचा, दर वेळी वर माती आणि पालापाचोळा टाकायचा. तो भरला की बंद करून दुसरा सुरू. बंद खणातला मैला काही महिन्यांत कुजून खत होतो, त्याला वासही राहत नाही. कोणाच्या डोक्यावर टोपली यायची गरजच उरत नाही. आपल्या मराठीने या खताला नाव दिले आहे सोनखत. शब्द केवढा मोठा! ते वाहणाऱ्याला मात्र आपण ओसरीवर पाणीसुद्धा दिले नाही.

गाडगेबाबा तुम्हाला मी काय सांगावे. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, हा त्यांचा क्रम घरोघर ठाऊक आहे. त्यांच्या कीर्तनाची नक्कल करणारे मी पुष्कळ पाहिले, मीही केली. खराट्याची नक्कल करणारे विरळा.

आता आपल्या वारीकडे येऊ. १९८१ ची आषाढी. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला, दिंड्या परतल्या. आमचा मुक्काम एक दिवस वाढला होता. सकाळी वाळवंटात गेलो तो सफाईची माणसे पत्र्याने वाळू खरवडून टोपल्या भरत होती. लाखो माणसांचे चार-पाच दिवसांचे. एक बाई टोपली उचलताना म्हणाली, ‘महाराज, जरा बाजूला व्हा.’ मी झालो. होताना धोतराचा सोगा वर धरला. तिने ते पाहिले. आदल्या रात्री त्याच वाळूवर, तिथून शंभर पावलांवर, मी चोखोबांच्या चरित्रावर कीर्तन केले होते आणि श्रोत्यांचे डोळे भरून आले होते.

हाताने मैला उचलून घेण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली त्याहून कडक झाला. तरी पंढरीचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात न्यावे लागले, आणि २०१४ साली वाळवंटात तंबू-राहुट्या ठोकायला मनाई झाली. आपल्यात मोठी नाराजी पसरली. मीही तावातावाने बोललो, की वाळवंटातले कीर्तन ही आमची परंपरा, कोर्टाला त्यात काय कळते. पुढे ठरावीक दिवसांपुरती भजन-कीर्तनाची मोकळीक मिळाली. नदीपलीकडे पासष्ट एकरांत तळाची सोय झाली, पालखीमार्गावर फिरते संडास आले. तेव्हा विचार करता ध्यानात आले, की तक्रार कीर्तनाबद्दल नव्हतीच. ती त्या पत्र्याबद्दल आणि टोपलीबद्दल होती.

फिरत्या संडासांचेही एक सांगतो. पहाटे तीनला रांग लागते. आत गेलेला बाहेर येताना पाणी ओतत नाही, पुढचा आत डोकावून परत फिरतो आणि शेताकडे वळतो. शेतकरी बिचारा सकाळी बांधावर उभा राहून बघतो. तुळस डोक्यावर घेऊन अडीचशे किलोमीटर चालणाऱ्याला एक बादली जड होते, हे मला अजून उमगलेले नाही.

गेल्या वारीत मी दिंडीबरोबर गाडीतूनच होतो, गुडघे चालू देत नाहीत. वाल्ह्याच्या तळावर एक बादली आणि खराटा मागून घेतला. आमचा तरुण विणेकरी धावत आला, ‘बाबा, तुम्ही नको, ती माणसे येतील की.’ त्याला म्हटले, विणा खाली ठेवता येत नाही ना तुला, मग तू उभा राहा आणि पाणी कुठे मिळते तेवढे सांग. त्याने विणा दुसऱ्याच्या गळ्यात दिला आणि टँकरकडे गेला.