स्वराचा विद्युद्दाब

गेल्या पावसाळ्यांत मीं घरच्या घरीं एक यंत्र तयार केलें. त्याला वाद्य म्हणावें कीं नाहीं, हा वाद तूर्त बाजूस ठेवूं. एका लाकडी खोक्यावर आठ फिरतीं बटणें आणि आठ तांबडे दिवे, एवढेंच त्याचें बाह्य रूप. कळ दाबली कीं दिवे एकामागून एक लागत जातात. आणि ज्याचा दिवा लागला त्याच्या बटणानें ठरविलेला विद्युद्दाब, म्हणजे व्यवहारांत आपण ज्याला व्होल्टेज म्हणतों तो, एका तारेवाटे बाहेर पडतो. ती तार स्वर उत्पन्न करणाऱ्या दुसऱ्या यंत्रास जोडली म्हणजे आठ स्वरांची पंक्ति अखंड फिरत राहते. अशा यंत्रास सीक्वेन्सर म्हणतात. तबलजीसाठीं लेहरा धरून बसणारा आणि कधींहि न थकणारा साथीदार, असें त्याचें वर्णन करितां येईल.

माझा साथीदार मात्र बेसूर निघाला. मंद्र षड्ज जुळवावा तर वरचे षड्ज उतरलेले. वरचे चढवून घ्यावे तर मंद्र बिघडलेला. शिवाय समेची खूण म्हणून मीं जो मोठा दिवा बसविला होता, तो लागतांच स्वर किंचित् चढे आणि विझतांच पुन्हां खालीं येई. दोष शोधण्यांत माझे तीन रविवार गेले. पण ते वायां गेले असें मला वाटत नाहीं. कारण हे दोष या वाद्यजातीच्या जन्मापासून तिच्या मागें लागलेले आहेत, हें मला त्या शोधांत उमगलें.

विद्युद्दाबाच्या हुकुमांत स्वर ठेवणाऱ्या वाद्यांचा इतिहास सांगतांना पहिला मान बहुधा कॅनडांतील ह्यू ल केन यांना देण्यांत येतो. युद्धकाळांत हे पदार्थविज्ञानवेत्ते रडारच्या कामावर होते. १९४५ सालीं त्यांनीं ‘इलेक्ट्रॉनिक सॅकबट’ या वाद्यास आरंभ केला आणि १९४८ पर्यंत तें उभें केलें. त्याची पट्टी दाबली असतां स्वर वाजे, अधिक दाबली तर मोठा होई, आणि बाजूस लोटली तर मींडेसारखा लवे. बोटाच्या दाबाचें विजेच्या दाबांत रूपांतर करावें, आणि त्या दाबानें स्वराला वळवावें, ही त्यांतील मूळ कल्पना.

स्वरांची पंक्ति आपोआप वाजविण्याचा उद्योग अमेरिकेंत रेमंड स्कॉट यांनीं आरंभिला. १९५० नंतरच्या दशकांत त्यांनीं टेलिफोन एक्सचेंजमध्यें असतात तशा पायरी-पायरीनें सरकणाऱ्या विद्युत्-कळांच्या राशी भिंतीएवढ्या चौकटींत बसविल्या होत्या. तें दृश्य पाहून थक्क झालेल्या तरुणांत रॉबर्ट मूग हे एक होते. पुढें १९६४ सालीं मूग यांनीं हर्बर्ट डॉइच या संगीतरचनाकाराच्या साह्यानें व्होल्टेजच्या ताब्यांत चालणाऱ्या यंत्रांचा पहिला संच सिद्ध केला.

त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्को येथें १९६२ सालीं स्थापन झालेल्या टेप म्यूझिक सेंटरमधील मंडळी निराळ्याच कारणानें त्रासलीं होतीं. त्या काळीं यांत्रिक संगीत रचावयाचें म्हणजे ध्वनिमुद्रित फीत पात्यानें कापावयाची आणि एकेक स्वराचा तुकडा दुसऱ्यास चिकटवीत बसावयाचें. मॉर्टन सुबॉटनिक व रॅमॉन सेंडर यांनीं डॉन बुकला यांना या जाचांतून सोडविणारें यंत्र करावयास सांगितलें. बुकला यांच्या यंत्रांत बटणांची एक ओळ होती. तीं क्रमानें आपापलें व्होल्टेज देत जात. आजच्या सीक्वेन्सरचें कूळ येथें सांपडतें.

आतां व्होल्टेज आणि स्वर यांचें नातें पाहूं. आपला कान बेरीज ओळखत नाहीं. तो पट ओळखतो. २४० कंपनांचा षड्ज घेतला तर वरचा ४८० चा आणि त्याच्याहि वरचा ९६० चा. बटणानें एकेक व्होल्ट वाढवीत जावें आणि स्वरानें प्रत्येक वेळीं दुप्पट व्हावें, अशी सोय हवी. ट्रान्झिस्टरच्या अंगीं हा गुण मूळचाच असतो. त्यावरील दाब सारख्या प्रमाणांत वाढविला तर त्यांतून वाहणारा प्रवाह पटीनें वाढतो. मूग यांनीं याचा उपयोग करून एका सप्तकास एक व्होल्ट हें माप रूढ केलें. पेटीवरील लगतच्या दोन पट्ट्यांतील अंतर त्यामुळें व्होल्टचा बारावा भाग, म्हणजे सुमारें ८३ मिलिव्होल्ट झालें. हें माप सर्वांनीं मानलें असें मात्र नाहीं. बुकला यांनीं सप्तकास १·२ व्होल्ट धरले. जपानांत कॉर्ग आणि यामाहा यांच्या कांहीं वाद्यांत दाब दुप्पट केल्यावर स्वर दुप्पट होई. यामुळें एका घराण्याचा सीक्वेन्सर दुसऱ्याच्या वाद्यास जोडला असतां सारीच गाणीं विकृत होत.

ट्रान्झिस्टरच्या गुणाबरोबर त्याचा अवगुणहि आला. उष्णतामान एका अंशानें बदललें तर या दाब-प्रवाहाच्या प्रमाणांत सुमारें एक-तृतीयांश टक्का फरक पडतो. १९६८ सालीं वेंडी कार्लोस यांनीं मूगच्या यंत्रावर बाखचें संगीत वाजवून जगास चकित केलें; परंतु तें ध्वनिमुद्रित करितांना थोडे स्वर वाजवावयाचे आणि थांबून यंत्र पुन्हां सुरांत आणावयाचें, असा क्रम चालवावा लागला. पुढें दोन ट्रान्झिस्टर एकाच तुकड्यावर घडवून आणि उष्णतेबरोबर आपला रोध वाढविणारा एक रोधक त्यांस चिकटवून हा अवगुण बराच आटोक्यांत आणण्यांत आला.

माझाहि पहिला संशय उष्णतेवरच होता. पहिल्या रविवारीं मीं पंखा बंद करून पाहिला, खिडकी उघडून पाहिली, फरक पडेना. दुसऱ्या रविवारीं चुकीचें माप घेतलें. एका सप्तकावर स्वर थोडा उतरे, दोन सप्तकांवर त्याच्या दुप्पट, तीन सप्तकांवर तिप्पट. उष्णतेची चूक दुपारीं एक आणि रात्रीं दुसरी असते. ही चूक सदैव त्याच प्रमाणांत होती. प्रमाणाची चूक म्हणजे कोठें तरी वाटणी होत आहे. यंत्राची तार मोकळी ठेवून मीटर लावला तेव्हां बरोबर तीन व्होल्ट दिसले. तीच तार वाद्यास जोडून मोजलें तेव्हां २·९७ च भरले.

चोर सांपडला तो असा. तार चुकून भलत्या जागीं जोडली गेली तर यंत्र जळूं नये, म्हणून मीं बाहेर पडण्याच्या वाटेवर एक हजार ओहमचा रोधक बसविला होता. वाद्याच्या प्रवेशद्वाराचा रोध एक लाख ओहम. दोघांनीं दाब वाटून घेतला, आणि एकशेएकावा भाग वाटेंतच राहिला. तीन व्होल्टांत हा तोटा तीस मिलिव्होल्टांचा, म्हणजे पेटीच्या दोन पट्ट्यांमधील अंतराच्या एक-तृतीयांशाहूनहि थोडा अधिक. वाद्यावरचा एक स्क्रू पिळून तो भरून काढतां आला असता, आणि तसा मोहहि झाला. पण मग खोटा तराजू आणि खोटें वजन यांची जोडी जमली असती. दुसरें वाद्य जोडतांच तोटा दुप्पट होऊन लबाडी उघडी पडली असती. मीं रोधक तसाच ठेवला. मात्र प्रवर्धक आपला बाहेरचा दाब जेथून तपासून घेतो, ती जागा रोधकाच्या पलीकडे नेली. आतां वाटेंतला तोटा तो स्वतःच भरून काढतो.

दिव्याचा दोष तिसऱ्या रविवारीं उलगडला. दिव्याचा प्रवाह आणि स्वराचें माप हीं दोन्हीं एकाच बारीक तारेनें परतत होतीं. प्रवाह वीस मिलिअँपिअर आणि तारेचा व सांध्यांचा रोध ओहमचा पांचवा भाग धरला, तरी चार मिलिव्होल्टांची भर पडते. ज्या जमिनीवरून उंची मोजावयाची तीच हलत होती. दिव्यांना परतीची स्वतंत्र तार दिली, दोन्ही तारा विद्युत्पुरवठ्याजवळ एकाच ठिकाणीं जोडल्या, आणि स्वर स्थिर झाला.

इतक्या सूक्ष्म फरकासाठीं एवढी यातायात कशाला, असें कोणी विचारील. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत सैल झाली नाहीं. त्या वादांतील एक मोठा आक्षेप असा होता कीं, पेटीचे स्वर आपल्या रागांचे स्वर नव्हेत. तंबोऱ्यांतून ऐकूं येणारा स्वयंभू गांधार पेटीच्या गांधाराहून उतरलेला असतो. व्होल्टांत मांडलें तर पहिला ०·३२२ आणि दुसरा ०·३३३. अंतर अवघें अकरा मिलिव्होल्टांचें! ज्या अंतरासाठीं एक वाद्य तीस वर्षें दाराबाहेर राहिलें, त्याच्या जवळजवळ तिप्पट चूक माझा तो रोधक करीत होता.

हिंदुस्थानाशीं या यंत्राचा संबंधहि नवा नाहीं. १९६९ सालीं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत डेव्हिड ट्यूडर यांनीं मूगचें यंत्र बसवून दिलें, आणि गीता साराभाईंसारख्या जाणकारांनीं त्यावर रचना केल्या. त्या फिती संग्रहांत दीर्घकाळ पडून होत्या. त्यांतील निवडक २०२३ सालीं प्रसिद्ध झाल्या. मध्यंतरीं १९८३ सालीं मिडी नांवाची पद्धति आली. तींत स्वर हा व्होल्ट न राहतां नुसता अंक झाला, आणि ढळण्याची भीति गेली तशीं जुनीं यंत्रेंहि अडगळींत गेलीं. १९९० नंतरच्या दशकांत जर्मनींतील डीटर डोप्फर यांनीं लहान आकाराचे संच काढल्यावर तीं पुन्हां वर आलीं, आणि माझ्यासारख्या हौशी माणसालाहि तीं घरीं करणें शक्य झालें.

अंकाला गांधार एकच ठाऊक असतो. बटणाला कोणताहि चालतो. तिसऱ्या रविवारीं रात्रीं मीं तंबोरा लावून बसलों आणि तिसरें बटण कानानें जुळविलें. मग मीटर पाहिला. तो ०·३२२ दाखवीत होता. आपल्यापैकीं कोणी असें यंत्र करूं लागला तर एवढेंच सांगेन: मोकळ्या तारेवर घेतलेल्या मापावर विसंबूं नका, तार वाद्यास जोडा, सारे दिवे लावा, आणि मगच मोजा.