भिंतीचा पांढरा रंग

जुन्या मराठी गांवास दोन रंग पुरत, एक काळी आणि दुसरी पांढरी. जींत पीक येतें ती काळी आणि जींवर घरें उभीं राहतात ती पांढरी. संस्कृतांत चुन्यास सुधा म्हणतात आणि सुधेनें माखलेलें तें सौध. म्हणजे वाड्याचें थोरपण त्याच्या उंचीइतकेंच त्याच्या चुन्यांत होतें. आणि हें वाचणाऱ्या वर्गाचें तर नांवच पांढरपेशा! इतकें असूनहि पांढरा म्हणजे नेमका कोणता, हा प्रश्न आमच्या मनांत कधीं आला नव्हता. तो आमच्या खर्डीच्या घराच्या एका भिंतीनें आम्हांस घातला.

खर्डी हें शहापूर तालुक्यांतील, रेल्वेनें जातांना कसाऱ्याच्या अलीकडे लागणारें गांव. मुंबईस पाणी पाजणारे तानसा व वैतरणा यांचे तलाव याच टापूंत आहेत, यावरून येथें पाऊस कसा कोसळतो याची कल्पना वाचकांस यावी. त्या पावसानें गेल्या वर्षीं आमच्या ओटीच्या भिंतीचा हातभर गिलावा फुगवून खालीं आणला. गिलावा गवंड्यानें एका दिवसांत करून दिला, राहिला रंग. सबंध भिंत नव्यानें रंगवावी, तर दाराच्या कडेस मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीनें ओढलेल्या रेघा होत्या, आणि त्यांतल्या खालच्या चार आमच्या धाकट्या भावाच्या हातच्या. तो आतां नाहीं. तेव्हां तेवढ्या ठिगळास मूळच्या भिंतीसारखा रंग मिळावा, एवढीच आमची मागणी होती.

अकरा वर्षांपूर्वींचा डबा माळ्यावर सांपडला. पण ज्या कारखान्याचा तो रंग, त्यानें ती छटा आपल्या यादींतून केव्हांच काढून टाकलेली. दुकानदारानें धीर दिला. "त्यांचा मोतिया म्हणजे आमच्या कंपनीचा हस्तिदंती, काका. तिळाएवढाहि फरक दिसायचा नाहीं." जुन्या रंगाचा पोपडा त्यानें यंत्राच्या डोळ्यापुढें धरला, यंत्रानें आंकडे काढले, पांढऱ्या डब्यांत पिवळ्या, काळ्या व तांबड्या रंगाचे थेंब पडले, आणि दुकानांत तरी पोपडा व नवा रंग एकजीव दिसले. घरीं दुसऱ्या दिवशीं दुपारीं ठिगळ हिरवट दिसूं लागलें. आणि सायंकाळीं दिवा लागतांच तें पुन्हां भिंतींत नाहींसें झालें. दिवसां उमटणारें व रात्रीं लपणारें हें भूत पाहून आम्ही या विषयाच्या इतिहासाकडे वळलों.

पहिली गोष्ट ध्यानांत आली ती ही, कीं आमच्या आजोबांस हा प्रश्न पडणेंच शक्य नव्हतें. चुन्यास चुना जुळविण्याची कोणास गरज नसे, कारण ठिगळ लावण्याची रीतच नव्हती. चुनखडी किंवा कोंकणपट्टींत शिंपले भट्टींत भाजून कळीचा चुना काढावयाचा, तो पाण्यांत विझवावयाचा, गाळून त्यांत थोडा डिंक व चिमूटभर नीळ टाकावयाची, आणि दिवाळीपूर्वीं सबंध घरास एक हात फिरवावयाचा. ओला असतांना हा चुना पाण्यासारखा पारदर्शक दिसतो. हवेंतील कर्बवायु शोषून त्याचा पुन्हां दगड होऊं लागला म्हणजे मग तो पांढरा होतो. त्यामुळें कुंचा हातांत असतांना रंग पारखण्याची सोयच नाहीं. ज्यांस पांढरा नको त्यांनीं पिवडी मिसळावी, गेरू मिसळावा. मिसळण्याचें माप म्हणजे रंगाऱ्याची मूठ. पुढल्या वर्षींची मूठ वेगळी पडली तरी बिघडत नसे, कारण तुलना करण्यास मागल्या वर्षींची भिंत उरलेलीच नसे.

आमच्या आसपासच्या पाड्यांवर तर याहून सोपा कारभार होता. कारवीच्या कुडाला माती व शेण लिंपून वर गेरू फिरवावा आणि त्यावर वारली स्त्रियांनीं तांदळाच्या पिठानें लग्नाचा चौक लिहावा. गेरू ज्या टेकडीचा, त्या टेकडीचा रंग भिंतीस. टेकडीकडे छटेचा क्रमांक कोण मागणार?

नीळ हा वरवर क्षुल्लक जिन्नस आहे, पण या इतिहासांत ती मोलाची आहे. फ्रान्समध्यें १८२८ च्या सुमारास गीमे यानें कृत्रिम निळीचा रंग सिद्ध केला आणि पुढें त्याच्या पुड्या आमच्या परटापर्यंत येऊन पोंचल्या. पिवळट पडलेल्या धोतराला जी नीळ, तीच चुन्यालाहि. दोन्ही ठिकाणीं पांढरेपणा वाढतो असें आपणांस वाटतें. खरोखर तो थोडा घटतोच. पिवळ्याला निळा मारतो आणि वस्तु किंचित् करडी होते. पण पिवळेपणा गेल्याबरोबर डोळा तिला पांढरी म्हणतो. म्हणजे पांढरा ही वस्तूची खूण कमी आणि डोळ्याची समजूत अधिक, हें आमच्या परटीणबाईंस शास्त्रज्ञांच्या आधींच ठाऊक होतें.

जुळविण्याचा प्रश्न आला तो डब्याबरोबर. सरस व खडू यांचें डिस्टेंपर, तेलाचे रंग, पुढें पाण्यांत मिसळणारे प्लॅस्टिकचे रंग, हे सर्व वर्षानुवर्षें टिकण्यासाठीं होते. आणि जें टिकतें त्यालाच ठिगळ लावावें लागतें. हिंदुस्थानांत शालिमारचा कारखाना १९०२ सालीं कलकत्त्याजवळ निघाला. मुंबईस लोअर परळांत १९२० सालीं गॅहॅगन कंपनी निघाली, तीच पुढें नेरोलॅक या नांवानें घरोघर पोंचली. १९४२ सालीं युद्धामुळें रंगांची आयात अडली असतां गिरगांवांत गायवाडींतल्या एका गॅरेजमध्यें चार तरुणांनीं धंदा मांडला, तो एशियन पेंट्सचा. त्यांच्या 'गट्टू' या खोडकर पोराचें चित्र १९५४ त आर. के. लक्ष्मण यांनीं काढलें, तें आमच्या पिढीनें किराणा दुकानाच्या पाटीवर पाहिलेलें आहे. प्रत्येक कारखान्यानें आपापला पांढरा केला आणि त्यास मोती, दूध, साय, बदाम, हस्तिदंत अशीं नांवें दिलीं. नांव हें मालकीचें. छटा मात्र कोणाच्याच मालकीची नव्हे. एकाची साय दुसऱ्याच्या सायीशीं जुळेल अशी जबाबदारी कोणीच घेतलेली नाहीं, आणि कां घ्यावी?

नांवाऐवजीं आंकडा द्यावा, ही युक्ति मात्र जुनी आहे. अमेरिकेंतील चित्रकार व शिक्षक मन्सेल यानें १९०५ सालीं प्रत्येक रंगास तीन मापें लाविलीं : रंगाची जात, त्याचा उजेड आणि त्याची तीव्रता. १९३१ सालीं प्रकाशाविषयींच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें माणसाच्या डोळ्याचेंच एक प्रमाण ठरविलें. आजचीं पुष्कळ रंगयंत्रें त्याच डोळ्यानें पाहतात. आणि गायवाडींत गॅरेज उघडलें त्याच १९४२ सालीं अमेरिकेंत मॅकॲडम एका माणसास पंचवीस रंग पुन्हां पुन्हां जुळवावयास लावून डोळ्यास किती बारीक फरक कळतो हें मोजीत होता. आमच्या सरकारनेंहि तयार तेलरंगांसाठीं क्रमांक ठरवून दिले. ६३१ म्हणजे फिकट करडा आणि ६३२ म्हणजे गडद करडा. पंपास व लोखंडी दारास हे क्रमांक चालतात. दिवाणखान्याच्या भिंतीस मात्र कोणी क्रमांक सांगत नाहीं, तेथें मोतियाच लागतो.

मग यंत्र चुकलें कोठें? तें चुकलें नाहीं, असें म्हणावें लागतें. ज्यांनीं कधीं साडीवर पोलक्याचें कापड घेतलें आहे त्या वाचक भगिनींस उत्तर ठाऊक आहे : कापड पसंत करण्यापूर्वीं त्या दोन्ही वस्त्रें घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हांत येतात. एक करडा काळ्या काजळींत पिवळी माती घालून होतो, दुसरा वेगळ्याच तीन थेंबांनीं होतो; दिव्याखालीं दोन्ही सारखे, उन्हांत दोन. रंग गडद असता तर एवढा भेद आपण पोटांत घातला असता. पण करड्या व पांढऱ्याच्या आसपास आपला डोळा फार कंजूस होतो, तेथें कणभर हिरवा किंवा गुलाबीहि त्यास खपत नाहीं. त्यांत आतांचा सर्व पांढरा एका टिटॅनियमच्या भुकटीवर उभा आहे (ती ज्या खनिजांतून निघते तें इल्मेनाइट आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील वाळूंतहि आहे, आणि तें काळें आहे!), परंतु प्रत्येकाच्या डब्यांत तिचें प्रमाण, तिचे सोबती आणि तकाकी निराळी. शिवाय पोपडा अकरा वर्षांच्या धुराचा व उन्हाचा. आमची भिंतच मूळच्या मोतियापासून दूर गेलेली. जुना डबा जसाच्या तसा मिळता तरी ठिगळ दिसलेंच असतें.

शेवटीं आम्हीं गांवांतल्या एका वृद्ध रंगाऱ्यास बोलाविलें. त्यानें पोपडा हातांतहि घेतला नाहीं. रेघांपासून वीतभर अंतरावर त्यानें जमिनीपासून छतापर्यंत सागाची एक अरुंद पट्टी ठोकली, पट्टीच्या पलीकडली सबंध भिंत कोपऱ्यापर्यंत नव्या डब्यानें रंगविली, आणि अलीकडच्या अंगास कुंचा लाविलाच नाहीं. दोन पांढरे एकमेकांस भेटले कीं भांडतात, मधें उंबरा असला म्हणजे भांडत नाहींत, असें तो म्हणाला. दुपारीं पट्टीच्या उजवीकडे हिरवट मोतिया असतो आणि डावीकडे आमचा जुना, पिवळा पडलेला. घरीं येणाऱ्या कोणाच्या तें लक्षांत आलेलें नाहीं; सागाची पट्टी कशासाठीं, एवढें मात्र सगळे विचारतात. यंदा मे महिन्यांत पुतणीची नवी रेघ त्याच जुन्या पांढऱ्यावर, भावाच्या शेवटच्या रेघेच्या सवा हात वर पडली.