‘अकुशल’ हा शब्द आणि आपला माग



यंदाच्या स्मरणिकेसाठी आपल्या परंपरागत व्यवसायाविषयी चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. प्रस्तुत लेखक हा जुन्या अकरावीपर्यंत शिकलेला, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. इतिहासाचा पंडित नव्हे. तथापि ज्या एका शब्दाने लहानपणी मनाला जखम केली, त्या शब्दाचा माग काढता काढता जे हाती लागले, ते आपल्यापुढे नम्रपणे ठेवीत आहे.

माझे वडील कोष्ट्याच्या घरात जन्मले आणि खड्डामागावर वाढले. हातमागाच्या लुगड्यांना गिऱ्हाईक राहिले नाही, तेव्हा उतारवयात त्यांना एका यंत्रमाग कारखान्यात मदतनीस म्हणून राहावे लागले. कारखान्याचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. कांड्या पोचविणे, बीम उचलू लागणे, केर काढणे ही त्यांची कामे. मी त्या वेळी सातवीत होतो. एके दिवशी त्यांनी पगाराचा कागद वाचावयास दिला. त्यांच्या नावापुढे ‘अकुशल’ असे लिहिले होते. “म्हणजे काय रे, बाळ?” असे त्यांनी विचारले आणि शाळेत शिकलेला अर्थ मी मोठ्या ऐटीत सांगितला, “ज्याला काम येत नाही तो, आबा.” ते काही बोलले नाहीत. कागदाची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली. त्याच कारखान्यात वहीफणीचे काम अडले, किंवा तुटलेली तार सापडेना, म्हणजे तरुण कामगार त्यांनाच हाक मारीत, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

ज्याच्या हाताने आयुष्यभर वस्त्र विणले, तो एका कागदावर अकुशल कसा ठरला? या प्रश्नाचे उत्तर त्याच्या हातात नसून काळाच्या उलाढालीत आहे.

प्रथम जुना दाखला पाहू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत्राध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याचे प्रकरण आहे. सूत बारीक, मध्यम की जाडे, आणि ते किती कातले, हे पाहून वेतन ठरवावे, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे मोजावयाचे ते सूत. कातणाराची पायरी नव्हे. ते राज्य श्रमिकांचे नंदनवन होते असे माझे म्हणणे नाही; पण मोजण्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे.

पुढे यंत्रयुग आले. इंग्लंडात १७३३ साली जॉन के याने दोरीच्या झटक्याने पळणारा धोटा काढला. १७८५ साली कार्टराइट याने यंत्रमागाचे पेटंट घेतले. त्यानंतरच्या अर्धशतकात, यंत्रमाग सुधारत आणि वाढत गेले तसतसे, तेथील हातमाग विणकरांचे उत्पन्न घसरत जाऊन ते दैन्यास पोचले. आता विचार करा. त्या विणकरांची बोटे काय एकाएकी काम विसरली होती? कौशल्य होते तेवढेच होते. ते विकत घेणारा मात्र उरला नव्हता. भाव उतरला आणि लोकांनी समजूत करून घेतली की कसबच उतरले.

दुसरी गोष्ट घडली ती कामाच्या तुकड्यांची. खड्डामागावरचा कोष्टी ताणा लावी, खळ देई, वही व फणी भरी, विणी आणि मोडले ते दुरुस्तही करी. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत तार तुटू लागते, पावसाळ्यात खळ लवकर वाळत नाही, हे सर्व त्याला ठाऊक असावे लागे. कारखान्याने या एका विद्येची दहा कामे केली आणि दहा माणसांत वाटली. असे केल्याने प्रत्येक तुकड्यास लागेल तेवढेच कसब मालकास विकत घेता येते आणि मजुरीत बचत होते, हे चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने १८३२ साली आपल्या ग्रंथात उघडपणे मांडले आहे. तेव्हा पुष्कळशी ‘अकुशल’ कामे ही जन्मतः तशी नसून कुशल कामाचे तुकडे पाडून तयार केलेली असतात.

आपल्याकडे इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे त्या गावाचे भाग्य पालटले. यंत्राने अनेकांच्या घरी चूल पेटली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. यंत्राविरुद्ध माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती नावाविषयी.

कायद्यासही दोष देताना तारतम्य ठेवले पाहिजे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने गरीब मजुरास वेतनाची खालची मर्यादा मिळाली. त्या कायद्याखाली दर ठरविताना अकुशल, अर्धकुशल, कुशल असे वर्ग पडत गेले आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते वर्ग कायम आहेत. त्यांचा हेतू अपमानाचा नव्हे. काम शिकण्यास किती दिवस लागतात आणि एक माणूस गेल्यास दुसरा किती लवकर मिळतो, एवढेच हा शब्द वस्तुतः मोजतो. पण कामासाठी योजिलेला शब्द माणसास चिकटतो, आणि त्याच्या मुलासही तो खरा वाटू लागतो. तेथे दुःख आहे. अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली लिहून ठेवले आहे की शेतकाम लोक सामान्य समजतात, परंतु पुष्कळ कारागिरीच्या धंद्यांपेक्षा त्यास अधिक जाण आणि अनुभव लागतो. बांधावर उभे राहून पाहिलेल्या कोणासही हे पटेल.

येथवरची हकीकत आपल्यावरील अन्यायाची झाली. आता आपल्या पदरातील गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणाईचे खाते, ज्यास साळखाते म्हणत, ते अधिक मिळकतीचे होते. धोट्यातील कांडी संपली म्हणजे नव्या कांडीच्या सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. या निमित्ताने विटाळाची सबब पुढे करून अस्पृश्य बांधवांस त्या खात्यात शिरू दिले जात नसे. १९२८ साली गिरणी कामगारांचा सुमारे सहा महिन्यांचा मोठा संप झाला, त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे पुढे मांडला. ज्यांना माग शिवूच दिला नाही, त्यांना विणता येत नाही असे म्हणावयाचे, हा कोणता न्याय? आपल्यापैकी जे गिरण्यांत गेले ते बहुधा विणाईलाच गेले. म्हणजे त्या बंद दाराच्या आतल्या बाजूस आपलेही लोक होते. जो शब्द आपणास बोचला, त्याहून कठोर गोष्ट आपल्या देखत दुसऱ्यास सोसावी लागली, हे विसरता कामा नये.

आणि घरातील गोष्ट? माझी आई पहाटेपासून रहाटावर कांड्या भरी. सूत सैल भरले तर ते धोट्यात गुंते, घट्ट भरले तर तुटे. तिच्या बोटांच्या अंदाजावर वडिलांचा माग चालत असे. परंतु व्यापारी मजुरी देई ती लुगड्याची आणि वडिलांच्या हाती. आईच्या कामास ‘अकुशल’ हेही नाव कोणी दिले नाही. ते काम आहे, हेच कोणी धरले नाही. आम्हीही धरले नाही.

म्हणून एक सूचना करून लेखणी खाली ठेवतो. मंडळातर्फे कुटुंबांची माहिती जमविली जाते, तेव्हा व्यवसायाच्या रकान्यात आपण ‘मजुरी’ किंवा ‘काही नाही’ असे लिहून मोकळे होतो. यापुढे कामाचे नाव लिहावे: कांड्या भरते, वहीफणी करतो, हमाली करतो, चार घरचा स्वयंपाक करते. आपल्या दारी येणाऱ्या सफाई कामगाराच्या मुलासमोर बोलतानाही हे ध्यानात धरावे.

वडील जाऊन आता पुष्कळ वर्षे लोटली. त्या दिवशी सांगितलेला अर्थ चुकीचा होता, हे त्यांना सांगावयाचे माझ्याकडून राहून गेले. निदान आपल्या मुलांस तरी तो बरोबर सांगावा, अशी चौंडेश्वरी मातेच्या चरणी प्रार्थना करून समाजबांधवांची रजा घेतो.