फ्लॉपी आहे, पण लावणार कशात?

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या माळ्यावर, शाळेच्या स्टोअररूममध्ये किंवा संस्थेच्या कपाटामागे एखादा जुना कॉम्प्युटर पडून आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती. सुरुवात इंग्लंडपासून आहे, पण विषय आपल्या गावाचा आहे.

१०८५ च्या नाताळात इंग्लंडच्या विल्यम राजाने हुकूम काढला की राज्याची मोजदाद करा. कुणाकडे किती जमीन, किती नांगर, कुठे गिरणी, कुठे कुरण, गावाचं मोल किती. १०८६ मध्ये राजाची माणसं परगण्यापरगण्यांत गेली आणि जवळजवळ सगळ्या इंग्लंडची नोंद झाली. मेंढीच्या कातड्यावर, लॅटिनमध्ये, हाताने लिहिलेलं हे दप्तर. त्याला पुढे 'डूम्सडे बुक' असं नाव पडलं. आज ते लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. सव्वानऊशे वर्षं झाली, पण लॅटिन येणाऱ्या माणसाला ते अजून वाचता येतं.

या दप्तराला ९०० वर्षं पूर्ण झाली तेव्हा, म्हणजे १९८६ मध्ये, बीबीसीने नवं डूम्सडे तयार केलं. या वेळी राजाची माणसं नव्हती, शाळेची पोरं होती. देशाचे ४ किलोमीटर बाय ३ किलोमीटरचे चौकोन पाडले आणि शाळाशाळांना वाटून दिले. तुमच्या भागात काय आहे ते लिहा, फोटो काढा, पाठवा. एका चौकोनाला तीनपर्यंत फोटो आणि काही पानं मजकूर. दुकानं कोणती, लोक काय काम करतात, पोरं काय खेळतात, बस किती वाजता येते. दहा लाखांहून जास्त लोकांचा हात या कामाला लागला आणि सुमारे २५ लाख पौंड खर्च झाले.

आता एवढी माहिती ठेवायची कशात? तेव्हाच्या फ्लॉपीत काही शे किलोबाइट मावायचे. म्हणून त्यांनी ताटाएवढी, ३० सेंटिमीटरची लेझर डिस्क वापरली. एका बाजूवर सुमारे ३०० मेगाबाइट, शिवाय हजारो फोटो. ती वाचायला फिलिप्सचा खास प्लेअर आणि तो चालवायला एकॉर्न कंपनीचा 'बीबीसी मास्टर' कॉम्प्युटर. सगळा संच सुमारे ५ हजार पौंडांना जायचा. बहुतेक शाळांना तो परवडला नाही. ज्या पोरांनी गावाची माहिती गोळा केली, त्यातल्या पुष्कळांना ती पडद्यावर बघायलाही मिळाली नाही.

पुढे काय झालं असेल याचा अंदाज आलाच असेल. त्या जातीची डिस्क बाजारात चालली नाही. प्लेअर बनायचे बंद झाले, जे होते ते बिघडत गेले. २००२ च्या आसपास ब्रिटिश वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, की १०८६ चं दप्तर वाचता येतं आणि १९८६ चं वाचता येण्याची मारामार आहे. डिस्क शाबूत होत्या बरं का. त्यांच्यावरचा एक शब्दही पुसला गेला नव्हता. वाचणारं यंत्र राहिलं नव्हतं.

मग लीड्स आणि मिशिगन या दोन विद्यापीठांच्या लोकांनी नव्या कॉम्प्युटरला जुन्याची हुबेहूब नक्कल करायला लावणारा प्रोग्रॅम लिहिला. त्याला एम्युलेटर म्हणतात. पण नक्कल करायची तर अस्सल समोर लागतं. डिस्कवरचा मजकूर बाहेर काढायला चालू स्थितीतला जुना प्लेअर लागतोच. तो कुणीतरी जपला होता म्हणून पुढचं काम झालं. २०११ मध्ये बीबीसीने त्या पोरांची पानं इंटरनेटवर टाकली. पुढे ती वेबसाइटही बंद झाली, पण तिची प्रत राष्ट्रीय अभिलेखागाराने ठेवली आहे.

यातला सगळ्यात भारी भाग हौशी मंडळींचा आहे. जुने कॉम्प्युटर गोळा करून ते चालू करण्याचा छंद असलेली जगभर बरीच माणसं आहेत. दिवसा नोकरी, रात्री सोल्डरिंग. त्यांच्यातल्याच काहींनी 'डूम्सडे डुप्लिकेटर' नावाचा छोटा सर्किट बोर्ड तयार केला. प्लेअरच्या आत लेझरकडून जो कच्चा सिग्नल येतो, तो प्लेअरने स्वतः उलगडायच्या आधीच हा बोर्ड पकडतो आणि जसाच्या तसा साठवतो. त्याचा अर्थ लावायचं काम पुढे सॉफ्टवेअर करतं. डिझाइन सगळ्यांना खुलं ठेवलं, त्यामुळे लेझर डिस्कवरचे जुने सिनेमे वाचवायलाही लोक तेच वापरतात.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. जुनं मशिन मिळालं की लगेच स्विच मारायचा नाही, हा पहिला नियम. त्या काळच्या बीबीसी कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये पारदर्शक पिवळट वेष्टणाचे कपॅसिटर असतात. वर्षानुवर्षं पडून त्यांच्या वेष्टणाला बारीक चिरा जातात, आत दमट हवा शिरते, आणि वीज दिली की काही मिनिटांत फट् करून धूर. जाणकार आधी ते काढून नवे बसवतात, मगच वीज देतात. ३८६, ४८६ जातीच्या पीसीची तऱ्हा वेगळी. मदरबोर्डवर घड्याळासाठी छोटी रिचार्जेबल बॅटरी असते. ती फुटून क्षार बाहेर येतात आणि तांब्याच्या रेघा खाऊन टाकतात. तिथे आधी बॅटरी कापून काढायची, डाग व्हिनेगरने मारायचा, मग अल्कोहोलने स्वच्छ करायचं, आणि तुटलेल्या रेघांना केसाएवढ्या तारेने जोड द्यायचा. एकेका बोर्डापायी आठवडे जातात. पैसा मिळत नाही.

ब्रिटनमधलंच आणखी एक उदाहरण. १९५१ मध्ये हारवेलच्या अणुसंशोधन केंद्रात एक कॉम्प्युटर चालू झाला. वजन अडीच टन. पुढे १९५७ मध्ये तो वुल्व्हरहॅम्प्टनच्या कॉलेजला दिला, तिथे १९७३ पर्यंत विद्यार्थी त्यावर शिकले. नंतर तो बर्मिंगहॅमच्या म्युझियममध्ये गेला आणि तिथून सुटे भाग होऊन गोदामात. २००९ ला ब्लेचली पार्कच्या संगणक संग्रहालयातल्या स्वयंसेवकांनी तो जोडायला घेतला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये तो पुन्हा चालू झाला. चालू स्थितीतला सगळ्यात जुना मूळ डिजिटल कॉम्प्युटर म्हणून आज तो ओळखला जातो. गोदामात जागा अडवतोय म्हणून कुणी तो भंगारात काढला असता तर स्वयंसेवकांच्या हाती काय लागलं असतं?

आता आपल्याकडे येऊ.

ज्या बीबीसी कॉम्प्युटरची गोष्ट वर सांगितली, त्याच घराण्यातला 'बीबीसी मायक्रो' भारतातल्या शाळांतही आला होता. १९८४ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाची शालेय संगणक साक्षरता योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या टप्प्यात सुमारे २५० शाळांना ही मशिन मिळाली. आज त्यातली चालू स्थितीत किती सापडतील, हे ज्याने त्याने आपल्या शाळेत विचारून बघावं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट आपल्या भाषेची. कॉम्प्युटरवर मराठी आणायचं मोठं काम पुण्यात झालं, हे नव्या पिढीला माहीत नसतं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं संशोधन पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. 'परम ८०००' हा महासंगणक १९९१ चा, तो सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच संस्थेचं 'जिस्ट कार्ड' कुणाच्या लक्षात नाही. साध्या पीसीच्या आत हे कार्ड खोचलं की डॉसवर चालणाऱ्या इंग्रजी प्रोग्रॅममध्ये देवनागरी लिहिता यायचं. वर्डस्टारमध्ये पत्र, डीबेसमध्ये याद्या, सगळं मराठीत. मोबाइलवर आज मराठी टाइप करणं जितकं सहज वाटतं, त्याच्या मुळाशी असलं काम आहे. पण ते कार्ड ज्या खाचेत बसायचं, ती खाच आजच्या मदरबोर्डवर नसते.

त्यानंतर विंडोज आली आणि डीटीपीचा जमाना सुरू झाला. आमच्यासारख्या छोट्या गावातल्या पत्रकारांनी तोच जमाना पाहिला. ऑपरेटर पेजमेकरमध्ये पान लावायचा, बटर पेपरवर प्रिंट निघायची, मग प्लेट, मग छपाई. युनिकोड तोवर आपल्या गावापर्यंत पोचलं नव्हतं. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, प्रत्येकाची अक्षरं साठवायची पद्धत वेगळी. एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. शिवाय चोरून वापर होऊ नये म्हणून अशा काही सॉफ्टवेअरला कुलूप असायचं. प्रिंटरच्या पोर्टला एक डोंगल लावायचा, तो असेल तरच सॉफ्टवेअर चालायचं. आजच्या लॅपटॉपला ते पोर्टच नाही.

म्हणजे साधारण १९९० ते २००५ या पंधरा वर्षांत छोट्या गावांत जे जे टाइप झालं, साप्ताहिकं, दिवाळी अंक, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, साहित्य संमेलनांच्या पत्रिका, त्याची मूळ प्रत कुठे आहे? फ्लॉपीत, सीडीत, नाहीतर बंद पडलेल्या हार्ड डिस्कमध्ये. छापलेला कागद कुणी जपला असेल तर नशीब.

आपल्याकडेही डूम्सडेसारखी तुलना करता येते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत, मोडी लिपीतले. त्यातले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात ४५ खंडांत छापून आणले. त्याच्याही आधी इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरची, वाळवी लागलेली दप्तरं त्यांनी गोळा केली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने २२ खंड काढले. तेव्हाही ज्यांच्या घरी ते कागद होते त्यांना ती रद्दीच वाटत असणार. पण मोडीचा कागद वाचायला मोडी येणारा माणूस पुरतो. फ्लॉपी वाचायला माणूस लागतो, यंत्र लागतं, त्या यंत्रात चालणारं सॉफ्टवेअर लागतं आणि तो फाँटही लागतो. चारातलं एक गेलं की बाकीचे तीन असून उपयोग नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाचं पत्र आपण वाचू शकतो आणि पंचवीस वर्षांपूर्वीची आपल्याच गावाची बातमी वाचू शकत नाही, असं व्हायला नको असेल तर हालचाल आत्ता करावी लागेल.

आता कुणी म्हणेल, मग काय सगळं भंगार घरात साठवायचं? मुळीच नाही. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, सोल्डरमध्ये शिसं असतं. तांब्यासाठी वायरी जाळल्या तर धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जायला हवा. माझं म्हणणं एवढंच, की तो जाण्याआधी दोन गोष्टी व्हाव्यात. आतला मजकूर उतरवून घ्यावा, आणि दहा सारख्या मशिनमधलं एक, चालू होण्यासारखं, बाजूला ठेवावं.

कार्यालयात काय होतं ते आपण पाहतो. डेड स्टॉक रजिस्टरला नोंद होते, निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर होतो, लिलाव होतो, टेम्पो येतो. त्या सगळ्या कागदांत मशिनचा नंबर असतो, किंमत असते. आत काय साठवलं होतं, हा रकाना मला तरी कुठे दिसला नाही. ग्रामपंचायत असो, नगरपालिका असो की शाळा, निर्लेखनाच्या फॉर्ममध्ये 'माहितीची प्रत घेतली का' एवढी एक ओळ वाढवायला पैसा लागत नाही. आपल्या सदस्यांनी हा ठराव मांडावा.

आणि तुमच्या घरी असं काही असेल तर एवढं करा:

१) जुना पीसी एकदम चालू करू नका. वर्षानुवर्षं बंद असेल तर आधी जाणकाराला दाखवा. मदरबोर्डवर पिंपासारखी बॅटरी दिसली तर ती आधी काढून घ्या.

२) फ्लॉपीवर पांढरी बुरशी दिसली तर ड्राइव्हमध्ये घालू नका. चकती खरवडते, ड्राइव्हचं हेडही खराब होतं आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीचाही निकाल लागतो. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या मंडळींनी हे जास्त जपावं.

३) साडेतीन इंची फ्लॉपी असेल तर मागची छोटी खिटी सरकवून भोक उघडं ठेवा, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिलं जाणार नाही. यूएसबीला लावायचा ड्राइव्ह मिळतो, पण तो याच आकाराला चालतो. सव्वापाच इंची फ्लॉपीला जुना ड्राइव्हच लागतो.

४) जुन्या पीसीची हार्ड डिस्क साध्या अडॅप्टरने यूएसबीला जोडता येते. कॉपी करताना मजकुराबरोबर फाँटच्या फाइलही घ्या. कोणता फाँट आहे हे कळलं तर युनिकोडमध्ये बदलता येतं, नंतर जोडाक्षरं तेवढी नीट तपासावी लागतात.

५) डोंगल, मॅन्युअल, सॉफ्टवेअरच्या सीडी टाकू नका. त्यांच्याशिवाय मशिन चालू झालं तरी फाइल उघडणार नाही.

तालुक्यात जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणारी दोन-चार हाडाची माणसं असतातच. नव्या मालाच्या जमान्यात त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात त्यांना एक टेबल द्या, पोरांना जिस्ट कार्ड आणि फ्लॉपी हातात घेऊन बघू द्या. त्यातूनच पुढची हौशी मंडळी तयार होतील.

आपल्या भागातल्या जुन्या साप्ताहिकांच्या, दिवाळी अंकांच्या फ्लॉपी किंवा सीडी कुणाकडे असतील तर कमेंटमध्ये गावाचं आणि अंकाचं नाव लिहा. चालू स्थितीतला जुना पीसी कुणाकडे आहे, तेही लिहा. कुणाकडे फ्लॉपी असेल, कुणाकडे ड्राइव्ह असेल, कुणाकडे फाँट असेल. आधी यादी करू, मग एका रविवारी एकत्र बसून उतरवून घेऊ.