करी, करीत असे, करायची



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. निमित्त एका फोनचे.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. भाच्याकडे असते. दोन वर्षे झाली, तिला माणसे ओळखू येत नाहीत. मध्यंतरी भाच्याशी फोनवर बोलता बोलता मी सहज म्हणून गेलो, "अक्का पहाटे चारला उठायची. आम्ही पोरं उठायच्या आत तिचं दळण व्हायचं." भाचा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, आई आहे अजून."

यावर काय बोलणार? रीतिभूतकाळ म्हणजे पूर्वी वारंवार घडणारी, आता न घडणारी क्रिया, हे मी किती वर्षे फळ्यावर लिहिले. त्या एका 'उठायची'ने मी जिवंत बहिणीला मागे टाकून आलो, हे मात्र भाच्याने दाखवावे लागले.

पुण्याला असलेली माझी नात जपानी शिकते. तिला ही गोष्ट सांगितली, तर म्हणाली, "आजोबा, आमच्याकडे यासाठी वेगळी रचनाच आहे." भूतकाळी क्रियापदापुढे 'मोनो दा' जोडायचे. 'योकु कावा दे ओयोइदा मोनो दा', म्हणजे 'आम्ही नदीत पुष्कळ पोहायचो'. नुसती माहिती नाही, त्यात आठवणीचा ओलावा असतो. आणि गंमत अशी की क्रियापद भूतकाळी न ठेवता पुढे तेच 'मोनो दा' लावले, तर अर्थ होतो 'असे असतेच, हा स्वभावच आहे'. एकच शेपूट. एका बाजूने गेलेले दिवस, दुसऱ्या बाजूने कधीच न बदलणारी गोष्ट.

मला राहवेना. आपल्या मराठीत काय आहे ते पाहावे म्हणून कपाटातली व्याकरणे काढली.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ सालचे. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचे. दामले क्रियापदांची रूपे प्रत्ययांवरून लावतात. 'करतो' हे ताख्यात, 'केले' हे लाख्यात, आणि 'तो करी', 'तो बसे', 'ती जाई' हे ई-आख्यात. या शेवटच्या रूपाचा आजचा अर्थ रीतिभूतकाळाचा. 'आजी गोष्ट सांगे' म्हणजे आजी नेहमी सांगायची.

पण हे रूप जन्मतः भूतकाळाचे नाही! संस्कृतातले 'करोति', प्राकृतातले 'करइ' आणि त्यातून आलेले आपले 'करी'. तिन्हींचा अर्थ एकच, 'करतो'. झ्यूल ब्लोक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर लिहिलेला ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध झाला. त्यातही या जुन्या वर्तमानकाळाचा माग काढलेला आहे. ज्ञानेश्वरी १२९० सालची. त्या काळच्या मराठीत 'देव करी' म्हणजे देव करतो. आमच्या सेनगावाहून नर्सी जवळच, कयाधूच्या काठी. नामदेवांचे गाव म्हणून सगळा महाराष्ट्र तिथे येतो. नामदेवांच्या तोंडी 'करी' आले, तर ते आठवणीतले नव्हे, समोर चाललेले असे. आज शाळेतले पोर तेच वाचते आणि 'करायचा' असा अर्थ लावते. माझ्या वर्गातही पोरे हीच चूक करायची, आणि मी खडूने खाडाखोड करत बसायचो.

मग हे रूप मागे कसे सरकले? 'करीत' या धातुसाधितापासून 'करितो', 'करतो' ही नवी रूपे तयार झाली आणि वर्तमानकाळाची जागा त्यांनी घेतली. जुन्या रूपाला घर उरले नाही. गोष्ट सांगताना मात्र ते टिकले असावे, असे मला वाटते. 'राजा रोज दरबारी बसे, गाऱ्हाणी ऐके' अशा सांगण्यातून ते हळूहळू आठवणीचे झाले असेल.

शेजाऱ्यांकडे याच शब्दाचे नशीब वेगळे निघाले. गुजरातीत 'करे छे' म्हणजे अजून करतो आहेच. हिंदीत 'वह करे' म्हणजे त्याने करावे, करील कदाचित. एकाच आईची तीन लेकरे, एक आजमध्ये, एक उद्यात आणि आपले कालमध्ये. आणि आपल्याही उद्यात ते लपलेले आहेच. 'करील', 'येईल', 'जाईल' यांच्या शेवटचा 'ल' झाकून पाहा. काय उरते? करी, येई, जाई. आपला भविष्यकाळ याच जुन्या रूपावर उभा आहे.

जुना अर्थ अजूनही काही कोपऱ्यांत जिवंत आहे. 'थेंबे थेंबे तळे साचे' यात पूर्वी साचायचे, आता साचत नाही, असे कुणी समजते का? 'जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे' यातले 'कळे' म्हणजे कळते. 'नाचता येईना अंगण वाकडे' यातले 'येईना' म्हणजे येत नाही. खरेदीखताच्या शेवटी 'लिहून दिले असे' लिहितात, तिथे 'असे' म्हणजे 'आहे'. त्याचा अर्थ 'असायचे' असा घेतला, तर शेत पुन्हा मूळ मालकाकडे जाईल!

बोलण्यातून मात्र 'करी' आता गेलेच. त्याच्या जागी 'करीत असे' आले, तेही पुस्तकात राहिले. आज घराघरांत 'करायचा', 'करायची' आहे. आमच्या मराठवाड्यात तर आणखी एक सोय आहे. 'काय करायलास?' म्हणजे या घडीला काय चालले आहे. 'काय करतोस?' म्हणजे कामधंदा काय. पुण्याचा पाहुणा पहिल्या जागी 'काय करतोयस?' म्हणतो. चालू काम आणि रोजची रीत आम्ही अशी वेगळी ठेवतो, ही आमच्या बोलीची श्रीमंती. वर्गात मी तिला अशुद्ध म्हणून खोडत आलो, याचे आता वाईट वाटते.

काळ सोडून नुसता कलच सांगायचा असेल, तर त्यालाही शब्द आहेत. नात म्हणाली, जपानीत 'गाची' लावला की बहुधा न आवडणारी खोड कळते. वारंवार शाळा बुडवणारा तो 'यासुमिगाची'. आपल्याकडे फारसीतून आलेला 'खोर' तसाच आहे, भांडखोर, चुगलीखोर. मूळ फारसीत 'खोर' म्हणजे खाणारा. संस्कृताच्या वाटेने आलेला 'आळू' त्यामानाने गरीब, झोपाळू, लाजाळू, विसराळू. जपानीत विसराळूला 'वासुरेप्पोइ' म्हणतात म्हणे. अक्काला मात्र विसराळू म्हणवत नाही. तो शब्द चष्मा शोधत फिरणाऱ्या माणसासाठी आहे.

मागच्या रविवारी भाच्याकडे जाऊन आलो. अक्काने मला ओळखले नाही. "कोणत्या गावचे हो तुम्ही?" म्हणाली. सेनगावचा म्हटल्यावर हसली. पलंगावर बसून तिचा उजवा हात चादरीवर गोल फिरत होता, मधूनच थाप मारत होता. भाच्याची बायको म्हणाली, "रोज या वेळेला आत्या भाकरी थापतात." माझ्यासमोर परातही नव्हती, पीठही नव्हते. पण ती 'थापतात' म्हणाली. मी असतो तर 'थापायची' म्हणालो असतो. व्याकरण तिचे बरोबर होते.

तेव्हापासून फोनवर मी जपून बोलतो. अक्का उठते, अक्का बसते, अक्का भाकरी थापते. जीभ अधूनमधून घसरते, मग सावरतो.

असो. तुमच्या घरी कुणी जुनी माणसे अजून 'तो जाई, ती येई' असे बोलताना ऐकली असतील, तर जरूर कळवा. आणि वडीलधाऱ्यांविषयी बोलताना तुमचे क्रियापद कोणत्या काळात आहे, तेही एकदा ऐकून पाहा.