‘एल’ मिळाला का?

परवा रात्री आईशी फोनवर तासभर बोललो. विषय एकच, अण्णांचा कॉम्प्युटर.

औंढा तालुक्यातल्या आमच्या घरी तो अजून आहे. निजामाच्या राज्यातलं लहानपण, १९४८ ची पोलीस ॲक्शन, असं बरंच काही अण्णांनी शेवटच्या दोन-तीन वर्षांत त्यावर टाइप केलं. ते गेले आणि फाइली तिथेच राहिल्या. आता आई म्हणते, डबा कुरकुर करतोय. म्हणजे हार्ड डिस्कचं काही खरं नाही. दिवाळीला अजून दोन महिने. म्हटलं, पुण्यातूनच लॉगिन करू आणि सगळं उतरवून घेऊ. लिनक्स मीच बसवून दिलं होतं, अवघड काय त्यात!

उत्तर आलं : कनेक्शन टाइम्ड आउट.

आईला म्हटलं, “राउटरचा दिवा लागलाय का बघ गं.” आणि एकदम १९६९ सालची गोष्ट आठवली.

२९ ऑक्टोबर १९६९. लॉस एंजलिसच्या विद्यापीठात चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी बसला होता. साडेपाचशे किलोमीटरवर, स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेत बिल डुव्हाल. क्लाइनला तिथल्या मशीनवर लॉगिन करायचं होतं. दोघांच्या कानाला टेलिफोन. एल टाइप केला, मिळाला का? मिळाला. ओ मिळाला का? मिळाला. मग जी... आणि पलीकडचं मशीन बंद! ‘लॉग’ पाहताच ते मशीन पुढचं ‘इन’ स्वतःच जोडून तीन अक्षरं एकदम परत धाडायचं, आणि तिथला प्रोग्राम एका वेळी एकाच अक्षराची जागा धरून बसलेला. डुव्हालने ती जागा वाढवली आणि त्याच रात्री लॉगिन झालं. वहीत १०:३० ची नोंद आहे.

गंमत बघा, आर्पानेटवरचं पहिलं लॉगिनच फसलं, आणि सापडलं ते फोनवर बोलणाऱ्या दोन माणसांमुळे.

पुढे टेलनेट आलं. त्यात पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जायचा. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असे पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा टाटू यलोनेनने एसएसएच लिहिलं. टेलनेटचा दरवाजा २३ नंबरचा, याने शेजारचा २२ मागून घेतला. मीही त्याच दारावर उभा होतो.

अशा वेळी संदेश नीट वाचायचा असतो. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे दार उघडलं, पण तुम्हाला ओळखलं नाही. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे घर सापडलं, पण त्या दाराशी कोणी नाही. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे हाक मारली, ओच नाही. बहुतेक वेळा हाक वाटेतच अडते.

आईकडून त्याच कॉम्प्युटरवरून त्याच्यावरच लॉगिन करून पाहिलं. झालं! म्हणजे दाराशी माणूस होता. मग तिला राउटरच्या पानावरचा बाहेरचा पत्ता वाचायला सांगितला. “शंभर, टिंब, ऐंशी, टिंब...” तिथेच कळलं. जुन्या पद्धतीचे पत्ते सगळ्या जगात मिळून सुमारे ४३० कोटी. त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ ला संपला. मग २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते कंपन्यांना आतल्या आत वापरायला ठेवले. एका खऱ्या पत्त्यामागे अनेक घरं. बाहेरून हाक मारली तरी ती कोणत्या घराला, हे कळणार कसं?

उपाय उलटा. बाहेरून आत जाता येत नाही, पण आतून बाहेर येता येतं. म्हणून घरच्या कॉम्प्युटरनेच माझ्या भाड्याच्या सर्व्हरला जोडायचं आणि त्याच वाटेने मी परत आत शिरायचं.

“एसएसएच, जागा सोड, आडवी रेघ, मोठा आर.”

“चालत नाही रे.”

“छोटा काढलास का?”

“हो की!”

एकेक अक्षर, अगदी क्लाइन-डुव्हालसारखं. पावणेअकराला अण्णांचं फोल्डर माझ्यासमोर उघडलं.

आमच्या औंढ्याची आख्यायिका तुम्हाला माहीत असेलच. कीर्तनात अडवलं म्हणून नामदेव देवळामागे गेले, तर देऊळच त्यांच्याकडे फिरलं. आईला म्हटलं, आज तेच झालं. ती हसली. मग म्हणाली, “वाचून दाखव काहीतरी.”

फाइली उतरत होत्या, तोवर दोन पानं वाचली.

त्याच औंढ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी मंजूर झाले. उद्या लांबलांबचे शास्त्रज्ञ तिथल्या यंत्रांवर लॉगिन करतील. कधीतरी अडेलच. तेव्हा औंढ्याच्या टोकाला फोन उचलून ‘मिळाला’ म्हणणारं कोणीतरी लागेल.

असो. मंडळी, तुमच्याही घरी असा एखादा कुरकुरणारा डबा असेल, तर दिवाळीची वाट पाहू नका.