वरोरा कोळसाखाण

वरोरा कोळसाखाण ही चंद्रपूर (तत्कालीन चांदा) जिल्ह्यात वर्धा खोऱ्यातील ब्रिटिशकालीन सरकारी खाण होती. तिचे आयुष्य सुमारे तीन दशकांचे. तरीही जिल्ह्याच्या आधुनिक इतिहासात तिचे स्थान मोठे आहे.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले व १८६१ मध्ये हा प्रदेश मध्य प्रांतात समाविष्ट झाला. या भागातील रेल्वेला बंगालचा कोळसा फार दूरचा पडे. त्यामुळे सरकारने १८७० च्या दशकात वरोऱ्यास खाण चालू केली आणि वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे तेथवर लोहमार्ग नेला. हिंगणघाटच्या कापूस बाजारालाही त्याचा लाभ झाला.

येथील कोळसा हलक्या प्रतीचा होता. त्यात ओलावा अधिक असे आणि हवेच्या संपर्काने तो आपोआप पेट घेई; साहजिकच भूमिगत उत्खनन सदैव जोखमीचे राहिले. १९०६ मध्ये खाण बंद झाली व उत्पादनाचे केंद्र दक्षिणेस बल्लारपूरकडे सरकले. खाणीसाठी आलेला लोहमार्ग मात्र पुढे बल्लारशाहपर्यंत वाढला आणि १९२९ च्या सुमारास काझीपेठेशी जोडला जाऊन दिल्ली–मद्रास मार्गाचा भाग बनला.